शशिकलाबाईंचा खेकडा

पनवेलच्या कोळीवाड्यात काशिरामचं घर विचारलं तर लोक आधी तुमच्याकडेच बघत राहतात, कारण काशिराम नावाची माणसं तिथे पैशाला पासरी. ‘बंदूकवाला काशिराम’ म्हटलं की मात्र कुणीही उठून दारापर्यंत सोडायला येतं. नाव ऐकून आलेला माणूस मनात एखादा मिशीवाला, डोळे वटारलेला गडी धरून येतो, आणि दारात भेटतो तो बनियन घालून सुके बोंबील निवडत बसलेला, हळू बोलणारा म्हातारा. त्याची बायको शांती सांगते की या माणसाने उभ्या आयुष्यात घरातला उंदीरसुद्धा मारला नाही, पिंजऱ्यात धरून खाडीकाठी नेऊन सोडला.

पण हात खरोखरच बंदुका करणारा. काशिराम एका सरकारी शस्त्र-कारखान्यात फिटर होता, आणि तोही नमुना विभागात. जी बंदूक अजून जगात कुठेच नाही, ती या विभागात एकेक करून जन्माला घालायची. इंजिनियर लोक कागदावर काढणार, फिटर कानशीने घासून, जुळवून ती उभी करणार, मग ती चाचणीला जाणार आणि बहुधा नापास होणार. काशिरामच्या हातून अशा कितीतरी गेल्या, पण फौजेत एकही पोचली नाही. कुणी वजनाने जड, कुणी चार फैरींत तापून लाल, आणि एक तर अशी की नेम पूर्वेला धरला तर गोळी ईशान्येला जायची. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असाच सगळा प्रकार. नापास झालेली बंदूक गळ्यात चिठ्ठी बांधून नमुना-खोलीत ठेवून द्यायची आणि पुढची हातात घ्यायची.

शांतीला याचं समाधान वाटे. नवऱ्याच्या हातच्या बंदुकीने कुणाच्या घरचं माणूस गेलं नाही, असं ती देवापुढे बोलून दाखवी. काशिरामला त्यात सुखही होतं आणि दुःखही, आणि दोन्ही वेगळं करून दाखव म्हटलं असतं तर त्याला ते जमलं नसतं.

त्या सगळ्या नापासांत एकच बंदूक त्याच्या जिवाला लागून राहिली. कागदावर तिचा लांबलचक क्रमांक होता, पण विभागात सगळे तिला खेकडा म्हणत. ती शशिकला टिपणीस यांची. त्या विभागातल्या एकुलत्या एक बाई इंजिनियर. बाकीचे त्यांना समोर ‘मॅडम’ म्हणत आणि पाठ फिरली की आणखी काही म्हणत. काशिराम मात्र आपल्या घरच्या रीतीने ‘बाय’ म्हणे, बहिणीला म्हणावं तसं, आणि त्यांनी त्याला कधी टोकलं नाही.

खाडीत आणि दलदलीत गस्त घालणाऱ्या जवानांसाठी बाईंनी ही आखूड रायफल रचली होती. खारं पाणी आणि चिखल बंदुकीच्या पोटात गेला की ती अडते, म्हणून त्यांनी बोल्टला, म्हणजे गोळी आत ढकलून तोंड बंद करणाऱ्या दांड्याला, दोन नांग्या दिल्या. चिखल आत असला तरी त्या तो बाजूला सारून घट्ट धरायच्या. खाडीचा चिखल खरा कसा असतो हे बाईंना कागदावर कळेना, तेव्हा काशिरामने आपल्या गावच्या, गव्हाणच्या, खाडीतला चिखल तेलाच्या डब्यात भरून आणला. दोघांनी तो बंदुकीत कोंबला, हलवला, बोल्ट पुढे सारला, आणि तो बसला. पुन्हा कोंबला, पुन्हा बसला. त्या दिवशी हात कोपरापर्यंत बरबटलेले असताना बाई जशा हसल्या, तसं हसताना काशिरामने त्यांना नंतर कधी पाहिलं नाही.

कारण पुढे समितीपुढची चाचणी आली. काशिराम त्या दिवशी नव्हता. गव्हाणला त्याचा बाप वारला होता आणि तो सुतकात घरी होता. त्याला जे कळलं ते ऐकीव. पहिल्या गोळ्या नीट सुटल्या. मग नियमाप्रमाणे बंदूक पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवली, बाहेर काढली, आणि बोल्ट अर्ध्यावर अडला. पुढे जाईना की मागे येईना. कुणीतरी घाईत लाकडी हातोडीचे दोन घाव घातले आणि तो कायमचाच रुतला. आत गोळी नव्हती एवढं फटीतून दिसत होतं, तेव्हा धोका काही नव्हता. समितीने ‘रचनेत दोष’ असा शेरा मारला, बंदूक खोक्यात घातली आणि वर लाखेचं सील केलं.

बाईंनी हात जोडून विनंती केली की एकदा उघडून बघू, घोडं कुठे पेंड खातंय ते तरी कळू दे. उत्तर आलं की समितीचं सील समितीच्याच परवानगीने फोडता येतं, आणि समिती तर बरखास्त झाली आहे. सरकारी कामाला तर्क लागत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची म्हणतात, तसं खरा दोष न शोधताच बाईंची बदली झाली, जवानांच्या बुटांच्या तपासणीला. निवृत्त होईपर्यंत त्या शिवण आणि तळवे तपासत राहिल्या. विभागात मागे एक विनोद उरला. बाईची बंदूक, अंगावर पाणी पडलं की रुसते. काशिरामसमोर कुणी हा विनोद केला तर तो उठून जात असे.

आता बाई खारघरला बेलपाड्याच्या बाजूला भाचीबरोबर राहतात. भाची वल्लरी नोकरी करते, बाई दिवसभर घरी. डोळ्यांनी त्या जवळजवळ अधू झाल्या आहेत. माणूस आवाजावरून ओळखतात. काशिराम अधूनमधून सुका जवळा घेऊन जातो. जवळ्याचा वास आला की बाई आतूनच त्याला हाक मारतात. इकडचं तिकडचं बोलून झालं की मग त्या दरवेळी तेच विचारतात, काय अडकलं असेल हो? इतक्या वर्षांत त्यांनी मनातल्या मनात ती बंदूक किती वेळा उघडली आणि मिटली असेल, याची गणती नाही. कधी त्यांना वाटे नांग्यांचा कोन चुकला, कधी वाटे स्प्रिंग कमजोर धरली. दरवेळी दोष त्यांच्याच पदरात येऊन पडे. 

यंदा पावसाळा संपता संपता काशिरामला कारखान्यातून फोन आला. बोलणारा निनाद नावाचा तरुण अधिकारी होता. नमुना-खोली मोडायची ठरली होती. ज्या बंदुका धड आहेत आणि उघडझाप करतात, त्या संग्रहालयात जाणार; बाकीच्या गॅसकटरने कापून भट्टीत. सील फोडायची परवानगीही, इतक्या वर्षांनी, आली होती. खेकडा कुणालाच उघडेना आणि तो जोडणारा हयात असलेला एकच माणूस सापडला होता. काकांनी एकदा येऊन बघावं, नाहीतर त्याचाही नंबर भट्टीत लागेल, असं निनादने सांगितलं.

काशिराम आधी खारघरला गेला. बातमी ऐकून बाई खुर्चीत सरळ झाल्या. वल्लरीने आणलेला चहा तसाच निवत राहिला.

“जे निघेल ते येऊन सांगा,” त्या म्हणाल्या. “माझंच चुकलं असेल तर तेही सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका.”

काशिरामने हो म्हटलं. तेव्हा ते म्हणणं सोपं होतं.

नमुना-खोलीत खेकडा टेबलावर आडवा पडला होता. काशिरामने तो उचलला तेव्हा त्याला आपला हात म्हातारा झाल्याचं कळलं, बंदूक तेवढीच होती. त्याने बोल्टच्या फटीत रॉकेल आणि पातळ तेल सोडलं आणि मुरत ठेवलं. अशा कामात घाई करणाऱ्यानेच मागे हातोडी चालवली होती. थांबण्यात वेळ जात होता म्हणून निनादने मोबाइल काढला. पोराला जगातल्या फसलेल्या बंदुकांचं भारी वेड.

त्याने एकेक चित्र दाखवलं. इंग्लंडात तीनेकशे वर्षांपूर्वी एकाने तीन पायांच्या तिवईवरची बंदूक रचली होती, शत्रू ख्रिस्ती असेल तर गोल गोळ्या आणि तुर्क असेल तर चौकोनी. जर्मनांनी महायुद्धात नळीच वाकडी केली, भिंतीआडून कोपऱ्यापलीकडे गोळी मारता यावी म्हणून. गोळ्या वळणावरच फुटायच्या. अमेरिकेत एकाने पिस्तुलातून अग्निबाण सोडले. ते नळीतून निघताना इतके सावकाश निघत की जवळच्या माणसाला त्यांचं फारसं भय नसे. आणि पुन्हा जर्मनांचीच एक रायफल, जिच्या गोळीला पितळेचं टरफलच नव्हतं. तिच्यावर वर्षानुवर्षं खपून ती जमत आली, तेवढ्यात बर्लिनची भिंत पडली आणि कुणालाच ती नको झाली.

काशिराम चष्मा वर करून सगळं बघत होता. “मंजे आमीच नाय तर,” तो म्हणाला. वाकड्या नळीजवळ तो जास्त वेळ थांबला. ती वाकवायला बसलेल्या फिटरचं त्याला वाईट वाटलं, आणि त्याने तसं बोलूनही दाखवलं.

रॉकेलने काहीच हललं नाही. फटीत घातलेला कापसाचा बोळा त्याने बाहेर काढला तर त्यावर गंज नव्हता, पांढरट काहीतरी होतं. त्याने ते बोटावर चोळलं. पूर्वी घरी जाळ्याच्या सुताला भाताची खळ देत, ती वाळली की सूत कडक होई. हाताला लागत होतं ते तसंच. मग त्याने रॉकेल पुसून काढलं आणि निनादकडे कोमट पाणी मागितलं. लोखंडाला पाणी कसं लावणार म्हणून निनाद जरा कचरला, पण त्याने आणून दिलं. काशिराम थेंबाथेंबाने पाणी सोडत राहिला, पुसत राहिला, आणि दुपारच्या जेवणाचा भोंगा झाल्यावर केव्हातरी बोल्ट त्याच्या अंगठ्याखाली हलला. मागे आला. हातोडीच्या घावांच्या दोन खुणा सोडल्या तर नांग्या धडधाकट होत्या. खाचेतून ओलसर पांढरा लगदा निघाला, आणि पार आत, कोपऱ्यात, एक अख्खा दाणा होता. तांदळाचा. त्याच्या एका टोकाला कुंकवाचा रंग अजून धरून होता.

निनादला वाटलं किड्याचं अंडं असेल. काशिरामने मात्र ती अक्षत ओळखली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घराघरात हत्यारांची पूजा होते. न्हावी वस्तऱ्याची करतो, शेतकरी कोयत्याची. नमुना विभागात त्या दिवशी नवी बंदूक टेबलावर मांडत. कारखान्याच्या शिस्तीप्रमाणे ती उघडीच ठेवायची, आत गोळी नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून. तिला हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि अक्षता. ज्याने जोडली त्याने पूजा करायची असा रिवाज, म्हणून पूजा काशिरामचीच. आणि तो अक्षता टाकण्याआधी बंदुकीच्या उघड्या तोंडावर केळीच्या पानाचा तुकडा ठेवी. त्यात शहाणपण असं काही नव्हतं. नंतर तेलातलं कुंकू साफ करायला त्यालाच बसावं लागे, एवढंच. त्या वर्षी तो सुतकात होता. सुतकात पूजेला हात लावत नाहीत. चाचणी तोंडावर आलेली, खेकड्याची पूजा चुकायला नको, म्हणून त्याने गव्हाणहून माणूस पाठवून बाईंना निरोप दिला होता की यंदा पूजा तुम्ही करा. पानाचं सांगायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. बाईंचा देवधर्माशी फारसा संबंध नव्हता, पण काशिरामचा शब्द म्हणून त्यांनी हात जोडले आणि अक्षता वाहिल्या. बदली फिटरने नंतर बाहेरून पुसून घेतलं. दाणे आत तेलात बसून राहिले, टाकीत भिजून फुगले, हातोडीने चेचले गेले, आणि वाळून त्यांची खळ झाली.

म्हणजे रचनेत दोष नव्हता. खाडीच्या चिखलाला न हटलेली बंदूक मूठभर अक्षतांनी अडवली होती, आणि ती मूठ बाईंची होती.

निनादला त्याने तांदूळ आहे एवढंच सांगितलं. निनादचा चेहरा उजळला. बंदूक आता भट्टीत जाणार नव्हती. संग्रहालयात तिच्याखाली पाटी लागेल, तिथे आता ‘रचनेत दोष’ लिहायची गरज नाही, खरं कारणच लिहू, तांदूळ आत कसा गेला तेवढं सांगा, असं तो म्हणाला. काशिराम म्हणाला की घरी जाऊन आठवतो आणि फोन करतो.

खारघरला जाताना एसटीत त्याच्या मनात एकच विचार चालू होता. आधी बाईची बंदूक रुसली म्हणून लोक हसले. आता काय म्हणतील? बाईने बंदुकीत तांदूळ टाकले. हा विनोद तर आयता होता, आणि पाटीवर लिहिल्यावर येणारा जाणारा प्रत्येक जण तो करणार होता. ज्या बाईने आयुष्य बुटांचे तळवे बघण्यात घालवलं, तिच्या म्हातारपणी हे तिच्या पदरात टाकायचं? बेलपाड्याच्या थांब्यावर उतरेपर्यंत त्याचं ठरलं. नाव आपलं सांगायचं. कोळ्याच्या पोराने अडाणीपणा केला म्हटलं तर कुणाला नवल वाटणार नाही, आणि त्याच्याकडे गमवायला असं काही नव्हतंही.

बाई वाटच बघत होत्या. त्याने चपला काढल्या, पाणीही न घेता समोर बसला आणि म्हणाला, “बाय, दोष तुमचा नाय. पूजेच्या अक्षता आत गेल्या व्हत्या. मीच टाकल्या. पान ठेवायचा राहिला माझा.”

 बाईंची बोटं खुर्चीच्या हातावर हळूहळू फिरत होती.

“त्या खंडेनवमीला तुम्ही सुतकात होता, काशिराम,” त्या म्हणाल्या. “तुमचाच निरोप आला होता. अक्षता मी वाहिल्या.”

काशिरामची मान खाली गेली. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, त्याला पुढचं खोटंही सुचेना. मग तो मनातलंच बोलला. लोक हसतील, बाय. तेव्हा हसले त्याहून जास्त हसतील. माझ्या नावावर जाऊ दे, माझा काय बिघडतो. आणि निरोप तर माझाच होता ना?

 बाईंनी वेगळंच विचारलं, की बोल्ट आता बसतो का?

“बसतो, बाय. नांग्या अशा धरतात की मधी केस जायचा नाय.”

तेव्हा बाई रडल्या. आवाज न करता, अधू डोळ्यांतून, चेहरा पुसायचाही प्रयत्न न करता. स्वतःच्याच हाताने आपलं काम बुडालं याचं दुःख त्यात होतं, आणि आपलं काम खरं होतं याचा आनंदही होता, आणि इतकी वर्षं उगाच गेली हेही होतं. काशिरामला वाटलं उठून वल्लरीला बोलवावं, पण तो बसून राहिला. आपणही रडतो आहोत हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

डोळे कोरडे झाल्यावर बाईंनी त्याला निनादला फोन लावायला सांगितलं. पाटीवर दोन्ही लिहायचं, त्या म्हणाल्या, रचना कुणाची ते आणि अक्षता कुणाच्या तेही. काशिराम पुन्हा अडून बसला. लोक हसतील, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

“हसू देत,” बाई म्हणाल्या. “मी बूट तपासत होते तेव्हा ते खोट्या गोष्टीला हसत होते. आता निदान खऱ्याला हसतील.”

त्याने फोन लावला. पलीकडून निनाद हॅलो, काका, बोला, असं म्हणत राहिला. शेवटी बाईंनीच हात पुढे केला, चाचपत काशिरामच्या हातातून फोन घेतला, आणि आपलं नाव सांगितलं.